‘टेन्शन’च्या आधी काय होतं, ते विचार

पोरी, अनेक आशीर्वाद.

कृषी केंद्रात काम करणाऱ्या त्या तरुणाबद्दल तू लिहिलंस. छातीत धडधड, रात्रभर जागरण, ‘डोकं भणभणते’ ही तक्रार. वर्षभर चिंतेची गोळी घेतली, झोप सुधारली, धडधड थांबली, पण उधारीच्या वहीतल्या चुका होत्या तशाच. हा नुसता घाबरण्याचा आजार नसावा, मुळात एडीएचडी असावा, म्हणजे लहानपणापासून लक्ष आवरता न येण्याचा विकार, अशी तुला शंका आली. ती धरून ठेव. गोळीने काळजी उतरली आणि विसरणं मात्र जागच्या जागी राहिलं, ही फार मोलाची खूण आहे. आपल्याकडे ती सहसा कुणी टिपत नाही.

कारण आपल्या भागात माणूस दवाखान्यात येतो तो काळजी घेऊन. ‘लक्ष लागत नाही’ म्हणून उपकेंद्राची पायरी चढलेला मोठा माणूस मला आठवत नाही. त्यात काळजीला कारणं ढीगभर: पीककर्ज, पाऊस, बहिणीचं लग्न. ऐकणाऱ्यालाही ती पटतात आणि तपास तिथेच संपतो. अमेरिकेत एक मोठं सर्वेक्षण झालं होतं, त्याचे आकडे २००६ साली आले. प्रौढांमध्ये एडीएचडी ४.४ टक्के निघाला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना त्याच वर्षात चिंतेचाही कुठला तरी विकार होता. तेव्हा चिंता सापडली म्हणून वही मिटायची नाही.

आधी हे विचार, की मन निसटतं तेव्हा जातं कुठं? चिंतेने पछाडलेल्याचं मन त्याच दोन-तीन गोष्टींभोवती फिरत राहतं. एडीएचडी असलेल्याचं मन कुठंही जातं. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरच्या आवाजाकडे, कालच्या मॅचकडे, एखाद्या मजेच्या आठवणीकडेही. म्हणून निवांत दिवसाबद्दल मुद्दाम विचार. कापसाचे पैसे हातात आलेत, घरी सगळे बरे आहेत, तरी विहिरीवरची मोटार सुरू ठेवून घरी आलास का? पीक विम्याची मुदत माहीत असूनही शेवटच्या दिवशी धावपळ झाली का? जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यात कामाचा शेवट अपुरा राहणं, ठरलेल्या वेळा विसरणं, डोकं चालवावं लागणारं काम पुढे ढकलणं हेच विचारलेलं आहे. पण ती जशीच्या तशी वाचून दाखवलीस तर समोरचा ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत बसेल. प्रश्न त्याच्या वावरात आणि दुकानात नेऊन विचार.

घरचे एक वाक्य हमखास म्हणतील: ‘मनासारखं काम असलं का बरोबर लक्ष लागते याचं.’ ते खरंच असतं. बिघडलेला फवारणीचा पंप खोलून बसला की चार तास जेवणाची शुद्ध राहत नाही. तेवढ्यावरून आजार नाही असं ठरवू नकोस. यातली अडचणच ही, की लक्ष हवं तिथं, हव्या त्या वेळी वळवता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ लहानपणावर घाल. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने एडीएचडी ओळखायचे निकष बदलले. त्यांप्रमाणे काही लक्षणं तरी वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. पूर्वी ही अट ७ वर्षांची होती. लक्षणांचे दोन गट आहेत, लक्ष न लागण्याचा आणि चंचलपणा-उतावळेपणाचा. सतरा वर्षांच्या किंवा त्यावरच्या माणसात एका गटातली पाच लक्षणं पुरतात, मुलांत सहा लागतात. आणि त्रास एकाच जागी असून चालत नाही, घरी, दुकानात, शेतात असा दोन तरी ठिकाणी दिसायला हवा. चिंता बहुतेकदा कधी सुरू झाली ते सांगता येतं: बापाचं आजारपण, नापिकीचं वर्ष, नोकरीचा पहिला महिना. एडीएचडीला अशी सुरुवातच सापडत नाही. ‘मी पहिल्यापासून असाच’ हे उत्तर आलं की थांब आणि आईला विचार, ‘लहानपणी कसा होता जी हा?’ एका माउलीने मला सांगितलं होतं, ‘ढोरं राखाले धाडलं तं ढोरं लोकाच्या वावरात, अन् हा चिचेच्या झाडावर.’ डॉक्टरला पाठवायच्या चिठ्ठीत अशी वाक्यं जशीच्या तशी उतरव.

आता अवघड भाग. पुष्कळांच्या बाबतीत चिंता हा विसराळूपणाला लावलेला टेकू असतो. एकदा एसटी चुकली म्हणून तो आता तासभर आधी स्टँडवर जाऊन बसतो. एकदा हिशेब चुकून बोलणी खाल्ली म्हणून प्रत्येक पावती चारदा तपासतो. बाहेरून माणूस अगदी नेटका दिसतो, लोक म्हणतात ‘लय टेन्शन घेते बिचारा’, आणि आतून तो थकून गेलेला असतो. म्हणून ‘चुका होतात का’ एवढं विचारून भागत नाही. चुका होऊ नयेत म्हणून दिवसभर काय काय करावं लागतं, तेही विचार. बायकांमध्ये हे आणखी झाकलं जातं. वर्गात उड्या न मारणारी, खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी कुणाच्या डोळ्यावर येत नाही. तीच पुढे बचत गटाची वही सांभाळताना रात्र रात्र जागते.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, किती खातो ते विचारायला लाजू नकोस. दारू, झोपेत घोरणं, थायरॉइड, रक्त कमी असणं, यांनीही लक्ष उडतं, तेव्हा त्या तपासण्या आधी. अस्वस्थपणा काही दिवस उसळून पुन्हा पार ओसरत असेल, त्या काळात झोपेची गरजच वाटत नसेल, तर तेही वेगळं लिही. तो दुसराच आजार असू शकतो.

आणि जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का, हे सरळ शब्दांत विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. वर्षानुवर्षं ‘आळशी’, ‘बिनकामाचा’ ऐकलेल्या माणसाच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं, हे आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही. उत्तर ‘हो’ आलं तर औषधाचा डबा घरातून हलवायला लाव, त्याला एकटं सोडू नकोस, आणि त्याच दिवशी डॉक्टरपर्यंत पोचव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. तो त्याच्या बायकोच्या मोबाइलमध्येही सेव्ह करून दे.

निदानाचा शिक्का तू मारायचा नाही. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या दवाखान्याला मानसोपचार विभागात पाठव. एडीएचडीवरचं मेथिलफेनिडेट हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे मेडिकल दुकानात असंच मिळत नाही, आणि काहींची धडधड त्याने वाढते. अ‍ॅटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून तो गोळ्या सोडेल, तेव्हा हे आधीच सांगून ठेव. चिंतेची चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हेही.

पुढच्या खेपेला आईला सोबत आणायला सांग, आणि प्राथमिक शाळेचं प्रगतीपुस्तक कुठल्या पेटीत सापडलं तर तेही. चिठ्ठीवर नाडी, बीपी आणि वजन लिहायला विसरू नकोस. या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टर ते बघतातच.

तुझी,
ताई