लायनफिश: 'विषारी सिंहमत्स्य' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: लायनफिशच्या छायाचित्राखाली 'प्रवाळभित्तीवरचा हा विषारी सिंहमत्स्य चावून भक्ष्य मारतो' अशी ओळ लिहिली आहे. 'सिंहमत्स्य' बरोबर आहे, की 'समुद्रसिंह' हवं?

'समुद्रसिंह' नकोच. खडकावर ऊन खात पडणाऱ्या मिशाळ सस्तन प्राण्याने ती जागा कधीच अडवली आहे. 'सिंहमत्स्य' चूक नाही, पण मला जरा सोवळ्यातला वाटतो. मी सरळ 'सिंहमासा' लिहीन. तत्समाला तद्भव जोडला म्हणून कुणी नाक मुरडेल, पण 'देवमासा' आणि 'तारामासा' आपण पचवलेच ना? त्या दोघांतला एकही मुळात मासा नाही. हा निदान आहे तरी! सामान्यरूप 'सिंहमाशाला', 'सिंहमाशांचे'. ससा–सशाला, घसा–घशाला, तसंच. 'श्या' माशीच्या अनेकवचनासाठी राहू द्या.

नावातला सिंह आला तो आयाळीवरून. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या या माशाचे लांबलचक पर पसरले की आयाळ पिंजारल्यासारखी दिसते. शास्त्रज्ञांना मात्र त्यात पंख दिसले. 'टेरॉइस व्होलिटन्स' या नावातलं पहिलं पद ग्रीक 'टेरॉन'वरून, म्हणजे पंख. हा 'टेरॉन' आणि संस्कृत 'पतत्र' एकाच मुळातले. लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं 'व्होलिटन्स' म्हणजे फडफडणारा, भिरभिरणारा.

खरी अडचण विचारलेल्या शब्दात नाहीच, ती शेजारच्या 'विषारी'त आहे. मराठीत हा एकच शब्द दोन कामं करतो: खाल्ल्यावर बाधतं ते विषारी (अळंबी) आणि अंगात विष सोडतं तेही विषारी (साप). सापाच्या बाबतीत घोटाळा होत नाही, कारण साप ताटात येईल असं कुणाच्या मनात येत नाही. मासा म्हटलं की पहिला विचार खाण्याचाच. त्यामुळे 'विषारी मासा' वाचणारा समजतो, खाल्ला की मेलो. फुग्या माशाबद्दल हे खरं आहे. सिंहमाशाचं विष मात्र काट्यांत असतं: पाठीवर साधारण तेरा, पोटाकडे दोन, शेपटीच्या अलीकडे खालून तीन. प्रत्येक काट्याला खाचा असतात, वरून कातडीचं पातळ आवरण. काटा रुतला की आवरण मागे दाबलं जातं आणि विष खाचांतून जखमेत उतरतं. काटे काढून हा मासा खातातसुद्धा. म्हणून 'विषारी काट्यांचा' असं लिहा, दोन अक्षरं जास्त गेली तरी चालतील.

आता 'चावून'. मराठीचा इथे जुना ढिलेपणा आहे. नांगी मारणारा विंचूही आपल्याकडे 'चावतो'. योगायोग असा, की सिंहमासा विंचूमाशांच्याच कुळातला. पण म्हणून त्याला चावायला लावू नका. त्याचा काटा टोचतो, तोही बचावासाठी. शिकारीत विषाचा काही संबंध नाही. तिथे तो छातीचे पर पसरून लहान माशाला हळूहळू कोंडीत धरतो, कधी त्याच्यावर तोंडाने पाण्याची चिळकांडी सोडतो, आणि मग जबडा उघडून एका घोटात आत ओढतो. 'गट्टम करतो' हे क्रियापद याच्यासाठीच बनलं असावं.

हिंदी-प्रशांत महासागरातला हा मासा १९८५ पासून फ्लोरिडाजवळ दिसू लागला आणि पुढे कॅरिबियन समुद्रभर पसरला. तिथल्या बातम्यांत त्याला 'आक्रमक प्रजाती' म्हटलेलं वाचलंत तर 'आक्रमक' म्हणजे अंगावर येणारा असं समजू नका. घुसखोर, एवढाच अर्थ. मी तिथे 'उपरी प्रजाती' लिहितो.

तर ओळ अशी करा: 'प्रवाळभित्तीवरचा, विषारी काट्यांचा सिंहमासा भक्ष्याला कोंडीत धरून गिळतो.'