युटिलिटीची फॉल्ट लेव्हल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: युटिलिटीला (वीजपुरवठा कंपनीला) फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर किती करंट येईल ते, विचारलं तर ‘११ केव्ही, २५ केए’ (११ हजार व्होल्ट, २५ हजार अँपिअर) एवढंच उत्तर आलं. तेच शॉर्ट सर्किट स्टडीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकू का?

थांबा, आधी तो आकडा कशाचा आहे ते विचारा. बऱ्याचदा ते तिथल्या ब्रेकरचं (फॉल्ट आला की सर्किट तोडणाऱ्या स्विचचं) रेटिंग असतं, म्हणजे ब्रेकर किती झेपवेल ते, तिथे खरा किती करंट येईल ते नाही. २५ केए म्हणजे ११ केव्हीला ४७६ एमव्हीए (तीच लेव्हल, पॉवरमध्ये मोजलेली) होतात, पण खरी लेव्हल २५० एमव्हीए असेल तर करंट १३ केएच.

प्रश्न: डेटा मिळतच नाहीये, इन्फिनिट बस धरली, म्हणजे युटिलिटीचा सोर्स कितीही करंट देऊ शकतो असं मानलं, तर चालेल?

ब्रेकर निवडायला चालेल. आर्क फ्लॅशला (फॉल्टच्या आर्कमधून माणसाला भाजणाऱ्या ऊर्जेच्या हिशोबाला) अजिबात नाही, आणि ही चूक मला फार खटकते कारण तिथे माणूस पॅनेलसमोर उभा असतो. १००० केव्हीए, ५ टक्के इम्पिडन्सचा (करंटला होणाऱ्या अडथळ्याचा) ट्रान्सफॉर्मर घ्या, ४१५ व्होल्टला इन्फिनिट बसवर २७.८ केए येतात, २५० एमव्हीएला २५.८, फरक थोडाच. पण फीडर बदलून सोर्स ५० एमव्हीएवर आला की २० केएच्या खाली जातो, आणि आर्कमधला करंट त्याहूनही बराच कमी, मग ब्रेकरचं इन्स्टंटेनियस (लगेच ट्रिप करणारं) पिकअपच होत नाही, तो शॉर्ट टाइम डिलेवर (मुद्दाम थोडं थांबून ट्रिप करण्यावर) जातो, ०.०५ सेकंदात विझणारा आर्क ०.३ सेकंद पेटत राहतो. वेळ सहापट! करंट कमी झाल्याचा फायदा त्यापुढे काहीच नाही. म्हणून मॅक्सिमम आणि मिनिमम दोन्ही फॉल्ट करंट हवेत, दोन्ही रन करून जास्त ऊर्जा येईल तीच पॅनेलच्या लेबलवर टाका.

प्रश्न: एक्स बाय आर (सोर्सचा रिअॅक्टन्स भागिले रेझिस्टन्स) नसला तर अडतं का?

अडतं. फॉल्ट करंटचा पहिला पीक, म्हणजे सुरुवातीचा सगळ्यात मोठा झटका, त्यावरच ठरतो. १४ च्या आसपास असेल तर पीक साधारण आरएमएसच्या (फॉल्ट करंटच्या नेहमी दिल्या जाणाऱ्या आकड्याच्या) अडीचपट, जनरेटरजवळ त्याहून वर, तिथे ब्रेकरची ब्रेकिंग कपॅसिटी (फॉल्ट तोडायची) पुरली तरी मेकिंग (फॉल्ट असताना सर्किट जोडायची) कमी पडू शकते.

प्रश्न: मग पत्रात नेमकं काय मागायचं?

थ्री फेज आणि लाइन टू ग्राउंड (एक फेज जमिनीला लागणं), दोन्ही फॉल्टचे मॅक्सिमम-मिनिमम करंट, प्रत्येकाचा एक्स बाय आर, कुठल्या व्होल्टेजला आणि नेमक्या कुठल्या पॉइंटला, आकडे कुठल्या वर्षाचे, पुढे काय वाढ ठरलीय. तारीख तर हवीच. एका स्टडीत मी जुनं पत्र वापरलेलं पाहिलं, मधल्या काळात सबस्टेशनला दुसरा ट्रान्सफॉर्मर पॅरलल लागला होता, म्हणजे फॉल्ट लेव्हल वाढली होती, आणि फाइलमध्ये आकडा तोच राहिला होता.