तार वसुबारसेला आली, शिळेवर तारीख कोणती?

प्रश्न : वडील शांतिसेनेत होते. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत, जाफन्याच्या लढाईत गेले. मी दीड वर्षाची होते. तार आली ती वसुबारसेला. देह आला नाही, मागाहून अस्थी आल्या. आई तेव्हापासून वसुबारसेलाच त्यांचं पान ठेवते. कागदावर मात्र १३ ऑक्टोबर आहे. आता भावाला चौकात पुतळा बसवायचाय. आई म्हणते, ‘मला कायबी नको.’ काय करावं?
— एक वाचक, अहमदपूर तालुका

ताई, पुतळ्याचा नाद सोडायला सांगा. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मंजुरी लागते. एवढं करून भरतीच्या वेळच्या एका फोटोवरून चेहरा जुळला नाही, तर आईनं रोज परक्या माणसाकडं बघत जायचं का? ग्रामसभेचा ठराव घ्या आणि शाळेच्या आवारात साधी शिळा लावा.

मजकुरासाठी आईच्या पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, काढा. त्यातला सेना क्रमांक, हुद्दा नि पलटण उतरवून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून रेकॉर्ड ऑफिसला पत्र जाऊ द्या. महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातल्या सागरला, मराठा असेल तर बेळगावला. क्रमांक पहिल्याच ओळीत हवा, कारण नुसत्या नावावर शोधलं की त्याच नावाचे चौघं निघतात आणि इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर निराळं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर शांतिसेनेतल्या जवानांचीही नावं आहेत, तिथलंही पडताळा. ‘शहीद’ हा शब्द सैन्याच्या कागदांत शोधत बसू नका, तो अधिकृत नाही. शिळेवर ‘वीरमरण’ लिहा.

आता चौथरा. गुत्तेदार दीड फूट खणून मोकळा होईल, होऊ देऊ नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तीन वर्षांत चौथरा कलतो नि शिळा मधोमध तडकते. मुरूम लागेपर्यंत खणा, मग तो तीन फुटांवर लागो की पाच. ग्रॅनाइटवर अक्षर इंचभर तरी उंच ठेवा, त्याहून बारीक केलं की रफार-रुकार तुटतात. अक्षरातला रंग उन्हानं उडतो, म्हणून खोल कोरून घ्या, दोन-तीन वर्षांनी रंग भरता येतो. कारागिराला मजकूर फोनवर सांगू नका. शिळेच्या मापाचा कागदी नमुना मागा.

तो नमुना आईपुढं अंथरा आणि नातवाला मोठ्यानं वाचू द्या. ‘कायबी नको’ म्हणणारी आई काना-मात्रा सांगायला लागली, तर समजा नको होता तो पुतळा.

तारखेचा घोळ घालू नका. शिळेवर १३ ऑक्टोबर, तो पलटणीचा हिशेब. घरचं पान वसुबारसेलाच. अडतीस वर्षं आई चुकीच्या दिवशी वाढत होती, असं कुणी, अगदी भटजींनीही, तिच्यासमोर बोलू नये.

अनावरण सकाळी नऊच्या आत उरका. आईची खुर्ची सावलीत ठेवा. ऑक्टोबरचं ऊन नि पुढाऱ्यांची भाषणं, दोन्ही लांबतात.