काम घेऊन जा

चि.स,
अनेक आशीर्वाद.

शनिवारवाडा झाला, सिंहगड झाला, आता ‘खरं पुणं’ बघायचंय म्हणतोस. ते नक्की कुठं असतं, मला सत्तरी गाठूनही उमगलेलं नाही. पण कसबा पेठेत जाणार असशील तर नुसतं बघायला जाऊ नकोस. काहीतरी काम घेऊन जा.

तुझ्या खोलीवर आजीचा पोचा आलेला तांब्या आहे ना? तो पिशवीत टाक आणि तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, गाठ. गाडी आणून कुणाच्या दारात लावू नकोस. २०२४ पासून मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन झालंय. आळी दिसण्याआधी ऐकू येते. ‘पोचा काढून मिळेल का?’ विचार आणि बाजूला उभा राहा. लोखंडावर भांडं फिरवत, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाला एक लागून ठोके पडत असतात. हे मठारकाम. प्रत्येक ठोक्याची वाटोळी खूण उठते आणि तिच्यावर उजेड खेळतो. आपल्याला ती नक्षी वाटते, पण त्या ठोकण्यानं पत्रा कडकही होतो. बोलायचं ते हात थांबल्यावर बोल.

आता फोटोचं. तुझ्याएवढा असताना मामाचा कॅमेरा घेऊन मी तिथल्या एका कारागिराचा फोटो काढला होता, न विचारता. ते रागावले नाहीत. ‘एक प्रत आणून द्या,’ एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं, आणि रोल धुवायला टाकायचाच राहिला. पुढं कधीही तिथून गेलो की हातोडी न थांबवता, वर न बघता विचारायचे, ‘फोटो?’ दोन वर्षं मी ती आळी टाळून लांबचा वळसा घालत होतो.

वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून आत शिरू नकोस. आतल्या चौकात कुणाच्या साड्या वाळत असतात, कुणी तांदूळ निवडत बसलेलं असतं. बाहेरूनच हाक मार. मालक-भाडेकरूंचे तंटे आणि पुनर्विकासाच्या बोलण्यांनी लोक आधीच वैतागलेले असतात. खांब न्याहाळत फिरलास तर बिल्डरचा माणूस समजतील. ‘केवढा पडलाय हो वाडा’ असं तर चुकूनही म्हणू नकोस. पावसाळ्यात त्या भिंतीखाली झोपायचं त्यांना असतं.

दुपारी एक ते चार कुणाची कडी वाजवू नये. पुणेकरांवरचे विनोद ऐकले असशीलच.

संध्याकाळी सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला जा. १७५४ साली बांधायला घेतलेलं, नागझरीच्या काठचं काळ्या दगडाचं देऊळ. गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. दर्शनी भिंतीवर साखळदंडानं जखडलेला गेंडा आणि गोरे शिपाई कोरलेत. कुठं ते सांगत नाही, शोध. मात्र आरती सुरू झाली की मोबाईल खिशात. बाकीचे तिथं दर्शनाला आलेले असतात.

तांब्या लगेच मिळेलच असं नाही. दुसरी खेप पडली तर पडू दे. मजुरीत घासाघीस करू नकोस, आणि विचारून फोटो काढला असलास तर जाताना प्रत घेऊन जा. कागदावरची.

तुझा,
काका