आयपीआरएस आणि गाण्याची रॉयल्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका मराठी चित्रपटासाठी दोन गाणी लिहिली. मानधन मिळालं, पण करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी निर्मात्याकडे’ असं आहे. आता रॉयल्टी मागता येईल का?

येईल. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून कलम 18 नुसार रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा वाटा त्यांना विकता येत नाही की सोडूनही देता येत नाही. तो द्यायचाच तर वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला. करारात काहीही लिहून घेतलं असलं तरी एवढ्यापुरतं ते पोकळ ठरतं. हा वाटा हक्क घेणाऱ्याच्या, म्हणजे इथं निर्मात्याच्या, बरोबरीचा असतो. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं त्याचे मात्र वेगळे पैसे नाहीत. टीव्ही, रेडिओ, हॉटेलं, जाहीर कार्यक्रम, स्ट्रीमिंग यांचे आहेत. ही वसुली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, करते. तिची स्थापना 1969 ची.

प्रश्न : आयपीआरएसचा सदस्य होऊन बरेच दिवस झाले. गाणं रेडिओवर वाजतं, तरी खात्यात काहीच नाही. असं का?

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं : सदस्य झालात, गाणं नोंदवलं नाही. सदस्यत्वानं तुम्ही नोंदवले जाता आणि तुम्हाला आयपीआय क्रमांक, म्हणजे हक्कदाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मिळतो. पण गाणं तुमचं आहे हे सोसायटीला कळायला प्रत्येक गाण्याची स्वतंत्र नोंद लागते. कॉपीराइट कार्यालयातलं प्रमाणपत्र याला पर्याय नाही, त्या कागदाचं काम वेगळं.

नोंदीत गाण्याचं नाव, चित्रपट किंवा अल्बम, गायक, कालावधी, लेबल (गाणं काढणारी संगीत कंपनी), प्रदर्शनाची तारीख, आयएसआरसी (त्या ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), प्रत्येक हक्कदाराची भूमिका आणि टक्केवारी द्या. आयएसआरसी लेबलकडून किंवा वितरकाकडून मिळतो. टाळू नका, कारण वाजलेल्या गाण्यांच्या याद्या नोंदींशी जुळवताना याच क्रमांकाचा सर्वाधिक उपयोग होतो.

पैसे अडकतात ते मुख्यतः दोन ठिकाणी. पहिलं, रोमन अक्षरांतलं स्पेलिंग. ‘पाऊस’ कुणी एक प्रकारे लिहितं, कुणी दुसऱ्या. रेडिओच्या यादीत तिसरंच असतं. म्हणून पर्यायी नावांच्या रकान्यात सगळी रूपं भरा, आणि मुखड्याची पहिली ओळही, कारण बरीच गाणी शीर्षकानं नाही, मुखड्यानंच ओळखली जातात. टोपणनावानं लिहीत असाल तर तेही सदस्यत्वात जोडून घ्या.

दुसरं, टक्केवारी. गीतकारानं एक वाटणी भरली, संगीतकारानं दुसरी, बेरीज शंभरावर गेली की वाद मिटेपर्यंत पैसे रोखले जातात. गाणं प्रदर्शित होण्याआधी सगळ्यांनी वाटणीच्या एका पानावर सह्या कराव्यात. मैत्रीत हे मागायला अवघड वाटतं; पण गाणं गाजल्यावर मागणं त्याहून अवघड.

प्रश्न : तुकारामांच्या अभंगाला मी नवी चाल लावली. नोंद कशी करू?

संगीतकार म्हणून तुमचं नाव येईल. शब्दांवरचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे अभंगाचे शब्द केव्हाच सर्वांचे झालेत. शब्दांच्या जागी ‘पारंपरिक’ किंवा सार्वजनिक मालकी असं दाखवा, स्वतःचं नाव घालू नका. त्याच अभंगाला दुसऱ्यांच्याही चाली असणार, तेव्हा आयएसआरसी आणि गायकाचं नाव इथं हवंच. नाहीतर तुमचे पैसे दुसऱ्याच्या चालीवर जमा होतात. चालही जुनीच असून तुम्ही फक्त वाद्यमेळ रचला असेल, तर संगीतकार नव्हे, संयोजक म्हणून नोंद करा.

प्रश्न : मी फक्त गाते. मलाही इथूनच मिळेल का?

नाही. आयपीआरएस शब्द आणि स्वररचना यांचे पैसे देते. गायकांच्या हक्कांसाठी वेगळी सोसायटी आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा लेबलकडे असतो. स्वतः चाल लावून गात असाल तर दोन्हीकडे सदस्य व्हा.

प्रश्न : आमच्या मैफलीत माझीच गाणी होतात. त्याचे पैसे?

आयोजकानं परवाना घेतला असेल तरच. कार्यक्रमानंतर गाण्यांची यादी सोसायटीकडे जायला हवी. ती आयोजकावर न सोपवता पाठवली गेल्याची स्वतः खात्री करा. लग्नातल्या गाण्यांची मात्र आशा धरू नका. विवाहसोहळा, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना कलम 52 नं सूट दिली आहे.

प्रश्न : परदेशात गाणं वाजलं तर?

तिथली सोसायटी वसुली करते आणि परस्पर करारानुसार रक्कम आयपीआरएसकडे येते. दोन टप्पे असल्यामुळे ती उशिरा पोचते. त्याच हक्कांसाठी, त्याच प्रदेशापुरतं दुसऱ्या सोसायटीचं सदस्यत्व घेऊ नका, दोन्ही नोंदी एकमेकींत अडकतात. आणि खात्याला पॅन जोडलेला नसेल तर आधी जोडा. पॅन नसल्यास टीडीएस चढ्या दरानं कापला जातो.