तापमान वाढवू नका भाऊ, मी वाढवलं होतं

"सिलिकॉन कार्बाइडच्या प्रीफॉर्मवर वितळलेलं ॲल्युमिनियम ओतलं, वरून चकचकीत, कापलं तर आत कोरडी भुकटी, आता भट्टी ९५० ला नेऊ का" असं विचारलंत ना, अगदी इथेच मी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या शेडमध्ये अडकून बसलो होतो. (नवख्यांसाठी: प्रीफॉर्म म्हणजे सिरॅमिक पावडरचा सच्छिद्र गोळा, त्याच्या छिद्रांत मेटल मुरवायचं असतं.)

नेऊ नका. म्हणजे नेलं तर मेटल आत शिरेलही, तीच तर गोची आहे. मी १००० च्या वर नेलं, ४ तास ठेवलं, आर्गॉनचा थोडा दाबही दिला, आणि मेटल घेतलं वायरच्या भंगारातलं शुद्ध, कारण डोक्यात खूळ की जेवढं शुद्ध तेवढं चांगलं. तुकडा निघाला आरपार राखाडी, ठोकला की टण्ण वाजायचा. त्या दिवशी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले बाप्पा!

मग तपासणीसाठी एका ठिकाणी दिला (नाव घेत नाही). कधी मशीन बंद, कधी ऑपरेटर रजेवर, एकदा तर सही चुकीच्या रकान्यात म्हणून फॉर्म परत. असा मे गेला, जून गेला. जुलैत खिडकीजवळच्या ड्रॉवरमधून पाकीट काढलं तर तुकड्याचे कोपरे बोटाने निघून राह्यले होते आणि पाकिटाच्या तळाशी पांढुरकी भुकटी. वर तिथला बाबू मलाच म्हणतो, "सॅम्पलच खराब दिलं तुम्ही." डोकं फिरलं, पण माणूस बरोबर होता.

झालं असं की तेवढ्या उष्णतेत शुद्ध ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडला खातं आणि ॲल्युमिनियम कार्बाइड बनतं, त्याला हवेतला ओलावासुद्धा सहन होत नाही, हायड्रॉक्साइड होतं, मिथेन सुटतो, तुकडा आतून फुगून चिरतो. आपल्याकडे मे मध्ये हवाच इतकी कोरडी की पत्ताच लागला नाही.

म्हणून ही खादाडी आवरणारी सिलिकॉनवाली ॲल्युमिनियमची मिश्रधातू घ्या, एलएम६ मध्ये १० ते १३ टक्के असतं, बाजारात सहज मिळते. सिलिकॉन कार्बाइडची पावडर आधी हवेत ११०० ला भाजून घेतली तर कणांवर सिलिकाचा पातळ थर बसतो, तोही ढालीसारखा उपयोगी पडतो.

आणि आत शिरवायचं काम दाबावर सोडा, आचेवर नाही. ॲल्युमिनियम सिरॅमिकला सहजी भिजवत नाही, स्पर्शकोन (थेंब पृष्ठभागाला टेकतो तो कोन, ९० च्या वर म्हणजे भिजवत नाही) १२० अंश धरला तर १० मायक्रॉनच्या छिद्रात ढकलायला साधारण १.७ बार लागतात, १ मायक्रॉनला १७. वर १० सेंटिमीटर मेटल उभं केलं तरी त्याच्या वजनाचा दाब ०.०२ बार, मग आत कसं जाणार? बारीक पावडरचा मोह सोडून आधी जाड कणांवर हात बसवा. स्क्वीझ कास्टिंगची (वितळलेलं मेटल साच्यात दाबून गोठवायची) प्रेस ओळखीत असेल तर उत्तमच, तिथे ५०-१०० मेगापास्कल, म्हणजे ५००-१००० बार मिळतात, पण प्रीफॉर्म गरम करूनच ठेवा, थंड असला की मेटल तोंडाशीच गोठतं. ओला तर चुकूनही नको, मेटल अंगावर उडतं.

घरी वेल्ड केलेल्या टाकीत गॅसचा दाब देऊ नका, हे हात जोडून सांगतो. मी मेटलर्जीचा प्राध्यापक नाही, माझ्या भट्टीत जे झालं तेच लिहिलं, तुमची पावडर वेगळी असेल तर आकडेही हलतील.

आणि सॅम्पल कुठेही द्या, अर्धा तुकडा डब्यात सिलिका जेलसोबत स्वतःकडे ठेवा, दुसरा ग्लासभर पाण्यात टाकून रोज बघत जा. बुडबुडे दिसले तर रिपोर्टची वाट बघायची गरजच नाही.