हृदयातून परतणारं रक्त तुंबलं तर? : वाचकांचे प्रश्न

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टात 'प्रेशर वाढलंय' असं लिहिलेलं असतं. ते बहुधा फुप्फुसातलं किंवा हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं असतं. घरचे त्याला बीपी समजतात, शेजारचे ब्लॉकेज समजतात आणि मेडिकलवाला पाण्याच्या गोळीची (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळीची) पट्टी हातात ठेवून मोकळा होतो. हाच गोंधळ पत्रापत्रांतून येतोय, म्हणून त्यातले काही प्रश्न आज एकत्र घेतो.

हृदयाच्या शिरांत ब्लॉकेज आहे, नसा साफ करणाऱ्या सलाईनचं पॅकेज घ्या, असं एका केंद्रात सांगितलं. घ्यावं का? (मोहोळ)

नाही. अटॅक आणणारा ब्लॉकेज हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत असतो, वापरलेलं रक्त परत नेणाऱ्या शिरांत नव्हे, आणि सलाईननं तो धुऊन निघत नाही. ॲडव्हान्स दिला असेल तर परत मागा. अँजिओग्राफी झाली असेल तर तिची सीडी घेऊन हृदयरोगतज्ज्ञांना भेटा.

पत्नी ३४ वर्षांची. काही त्रास नाही. तपासणीत 'कोरोनरी सायनस मोठा' असं आलंय. ऑपरेशन लागेल का? (बार्शी)

बहुधा नाही. हृदयाच्या भिंतीतलं बहुतेक रक्त ज्या मोठ्या शिरेतून उजव्या वरच्या कप्प्यात परततं, ती ही कोरोनरी सायनस. काही जणांत डाव्या बाजूची एक महाशीर, जी जन्माआधीच मिटायला हवी, तशीच राहते आणि या शिरेत येऊन मिळते. मग ती रुंद दिसते, आणि एवढंच असेल तर उपचार लागत नाही. डाव्या हाताच्या शिरेतून बुडबुड्यांचं सलाईन देऊन पुन्हा इको केला की उलगडा होतो. मात्र उजव्या कप्प्यातला दाब वाढल्यानंही ही शीर फुगते, तेव्हा 'काही त्रास नाही' म्हणून रिपोर्ट कपाटात टाकू नका. आणि ही जास्तीची शीर निघालीच, तर पुढे कधी पेसमेकर किंवा मानेतून नळी घालायची वेळ आल्यास डॉक्टरांना आधी सांगा.

पायातल्या फुगलेल्या निळ्या शिरा हृदयापर्यंत जातात का? (अक्कलकोट)

नाही. पण एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवा. आतल्या शिरेत गुठळी असू शकते.

आई ५८ वर्षांची, विड्या वळते. पाय सुजतात, पोट फुगतं. इकोत उजवा कप्पा मोठा, झडप गळतेय, फुप्फुसातलं प्रेशर ६२. पंपिंग मात्र ६० टक्के आहे. पाण्याच्या गोळीनं किडनी जाते म्हणतात, म्हणून आम्ही ती दिवसाआड देतो. पंपिंग चांगलं म्हणजे हृदय चांगलंच ना? (विडी घरकुल, सोलापूर)

दिवसाआड द्यायला कुणी सांगितलं? चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल तर हा कारभार आजच थांबवा.

आधी पंपिंगचं बोलू. ६० टक्के म्हणजे डावा खालचा कप्पा भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्याला बाहेर टाकतो, एवढंच. आईंचं दुखणं उजव्या बाजूला आहे, आणि त्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. तरी रिपोर्टातली ही एक ओळ वाचून घरोघरी निर्धास्त झोपणारे लोक मी रोज बघतो.

उजव्या वरच्या कप्प्यातला दाब एरवी पाऱ्याच्या २ ते ६ मिलिमीटर असतो. फुप्फुसातलं प्रेशर वाढलं, झडप गळू लागली किंवा हृदयाभोवतीचं आवरण आवळलं, की तो १५-२० वर जातो. मागचं रक्त तुंबतं. पाय सुजतात, यकृत सुजतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण हृदयाच्या स्वतःच्या शिराही त्याच कप्प्यात रिकाम्या होतात. त्या तुंबल्या की भिंतीतल्या केशवाहिन्यांतून पाणी जास्त झिरपतं. ते ओढून न्यायला लसीकावाहिन्या, म्हणजे झिरपलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या, असतात खऱ्या, पण त्याही शेवटी मानेच्या बुडाशी मोठ्या शिरांतच मोकळ्या होतात, आणि तिथंही दाब चढलेलाच. मग हृदयाच्या स्नायूतच पाणी साठतं.

आपली जाड सोलापुरी चादर भिजल्यावर उचलून बघा. पाणी धरलेला स्नायू तसाच जड आणि ताठ होतो. आकुंचन बऱ्यापैकी जमतं, पण सैल पडून नीट भरून घेणं जमत नाही. केशवाहिनीपासून पेशीपर्यंत प्राणवायूला जायचं अंतरही वाढतं. साध्या इकोत हे पाणी थेट दिसत नाही, एमआरआयमध्ये त्याचा अंदाज येतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कोरोनरी सायनसमधला दाब बराच काळ चढता ठेवला तेव्हा स्नायूत कोलाजेनचे चिवट तंतू वाढलेले आढळले. पाणी उतरवता येतं, तंतू सहसा मागे हटत नाहीत. म्हणून 'सूज तर आहे, बघू पुढच्या महिन्यात' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आणखी एक हिशेब. हृदयाच्या भिंतीत रक्त ढकलणारा जोर म्हणजे ढोबळमानानं खालचं बीपी वजा उजव्या कप्प्यातला दाब. बीपी ७५ आणि दाब ५ असेल तर ७० चा जोर मिळतो. बीपी ६० वर घसरलं आणि दाब २० वर गेला, तर उरले ४०. धमनीत एकही ब्लॉकेज नसताना.

आता किडनी. तीही याच तुंबलेल्या रक्तानं बिघडते, हे गोळीला नावं ठेवणारे सांगत नाहीत. गोळी जास्त झाली तर शरीर कोरडं पडून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतं, कमी पडली तर शिरा तुंबून वाढतं. दोन्हींत फरक करायचा तर वजन, मानेची शीर, सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन एकत्र बघावं लागतं. ते काम डॉक्टरांचं, शेजारणीचं नाही.

घरी एवढं करा. आईंना अर्धवट रेलून, साधारण ४५ अंशांत बसवा, मान किंचित डावीकडे वळवा. उजव्या बाजूला शीर हसळीच्या बऱ्याच वर, जबड्याच्या कोनाकडे लहरताना दिसते का बघा. नडगीवर अंगठा दाबून धरा आणि उचला. खळगा तसाच राहतो का? रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायची वाट बघू नका, जा.

शिवाय गोळी पाणी काढते, कारण काढत नाही. फुप्फुस, झडपा, जुनी गुठळी हे सगळं तपासायला हवं. आपल्या भागात क्षयरोग विसरून चालत नाही. त्यानं हृदयाभोवतीचं आवरण जाड होऊन आवळतं, पायांपेक्षा पोट जास्त फुगतं, आणि असे रुग्ण महिनोन्‌महिने लिव्हरचे म्हणून झाडपाला घेत फिरतात. वेळेत सापडलं तर औषधानं, नाहीतर आवरण सोलून काढायच्या शस्त्रक्रियेनं मार्ग निघतो. याच आठवड्यात आईंना जुन्या सगळ्या रिपोर्टांसह दाखवा.

शेंगाचटणी चालेल का? (जुळे सोलापूर)

शेंगदाण्याशी माझं वैर नाही, मिठाशी आहे. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, सूज असेल तर किती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. चटणी घरी, मीठ अगदी कमी घालून कुटा. विकतची बंद करा, पापड-लोणचंही. आणि सैंधव हेही मीठच आहे.

हृदयाच्या शिरेत जाळी बसवून ती मुद्दाम अरुंद केली की छातीतलं दुखणं थांबतं, असा व्हिडिओ पुतण्यानं पाठवलाय. तुम्ही तर दाब वाढणं वाईट म्हणता! (पंढरपूर)

प्रश्न चांगला आहे. हे उपकरण खरं आहे. मध्ये चिमटलेली स्टीलची जाळी कोरोनरी सायनसमध्ये बसवतात, मागचा दाब थोडा चढतो आणि भिंतीच्या आतल्या, उपाशी राहिलेल्या थराकडे रक्त वळतं, अशी कल्पना. शीर अरुंद करायचा विचार गेल्या शतकाच्या मध्यातल्या शल्यविशारदांनीही केला होता. २०१५ साली १०४ रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात दुखणं कमी झालं. २०२४ च्या ब्रिटिश अभ्यासात रक्तपुरवठा वाढल्याचं दिसलं नाही, दुखण्याचे झटके मात्र कमी झाले. इथं दाबाची वाढ थोडी असते आणि रक्ताला दुसऱ्या बारीक शिरांची वाट उघडी राहते. उजवा कप्पाच तुंबला तर ती सोय राहत नाही. औषधं, स्टेंट, बायपास सगळं करून झालं आणि तरी दुखतंय, अशा मोजक्यांसाठी हा उपाय आहे. उजव्या कप्प्यातला दाब आधीच जास्त असेल तर तो चालत नाही. व्हिडिओतला फोन नंबर फिरवण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

उन्हाळ्यात पारा ४३ वर जातो. पाण्याची गोळी चालू असताना पाणी किती प्यावं? (होटगी रोड)

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा देत नाही. उन्हाळा लागण्याआधीच तुमचा डोस आणि पाण्याचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या. चक्कर आली, लघवी कमी झाली किंवा जुलाब लागले तर त्याच दिवशी विचारा. इलेक्ट्रॉलची पुडी मनानं घेऊ नका, तिच्यातही मीठ असतं.

वडिलांना आडवं झालं की दम लागतो, रात्री बसून काढतात. वारीला जायचंय, आल्यावर दाखवू का? (मंगळवेढा)

नाही, आजच. बसूनही दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. चालू गोळ्यांची पिशवी सोबत असू द्या. वारीचं डॉक्टर बघून सांगतील.